फरशीवरचा वाघ, हातातला खडा

गूगलच्या ‘एक्स्पिडिशन्स’मध्ये एक बारीकशी सोय होती. वर्गातली मुलं पुठ्ठ्याचे चष्मे डोळ्यांना लावून समुद्रतळावरचं प्रवाळ पाहत असायची, आणि बाईंच्या टॅबवर त्याच दृश्यात छोटे हसरे चेहरे तरंगताना दिसायचे. एक चेहरा म्हणजे एक मूल. चेहरा जिथे, तिथे त्या मुलाची नजर. बाई प्रवाळाच्या फांदीबद्दल सांगतायत आणि पाच-सहा चेहरे मात्र वर, पाण्याच्या पाठीवर चमकणाऱ्या उजेडाकडे गेलेले. बाईंनी फांदीवर बोट ठेवलं की मुलांच्या दृश्यात बाण उमटायचा आणि चेहरे हळूहळू फांदीपाशी गोळा व्हायचे. २०१५ मध्ये जाहीर झालेली ही प्रणाली ३० जून २०२१ रोजी बंद झाली. तिच्यातल्या बऱ्याच सहली गूगलच्या ‘आर्ट्स अँड कल्चर’मध्ये गेल्या. मुलांची नजर बाईंना दिसण्याची ती रचना मात्र प्रणालीबरोबर संपली, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण आभासी सहल ही एक कला आहे असं मी मानतो, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांत तिचं मर्म होतं. चित्र किती स्पष्ट आहे, रंग किती खरे आहेत, याला या कलेत दुय्यम मान. मुलाला नेमकं कुठे उभं केलं आहे आणि तिथे उभं राहून त्याला काय करता येतं, हे आधी पाहायचं. मारुंजीसारख्या गावातल्या वर्गात बसून या सहलींकडे पाहिलं की हा प्रश्न जास्त टोकदार होतो. मुळशी तालुक्यातलं हे गाव. शेजारी हिंजवडीचे टॉवर आणि कंपन्या, आसपास टेकड्या, पलीकडे कासारसाईचं धरण. एकाच बाकावर गावातल्या जुन्या घरातला मुलगा आणि नोकरीपायी इकडे आलेल्या, घरी तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या कुटुंबातली मुलगी. खिडकीबाहेर खरं जग इतकं भरलेलं असताना आभासी जगानं वर्गात यायचं कशासाठी, याचं उत्तर प्रत्येक सहलीनं आपल्या रचनेतून द्यायला हवं.

वाघापासून सुरुवात करतो, कारण तो बहुतेकांच्या घरी येऊन गेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत फोनवर वाघ शोधला की तो त्रिमितीत पाहण्याचा पर्याय यायचा, आणि कॅमेरा जमिनीकडे धरला की हॉलमध्ये वाघ उभा राहायचा. सोफ्याशेजारी वाघ, देवघरापुढे वाघ, वाघाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं करणारी आजी, असे फोटो तेव्हा घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी हे भारदस्त नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यांनीही ती तेव्हा वापरली.

त्या वाघात कौशल्याच्या दोन जागा आहेत. पहिली सावली. वाघाच्या पायाखाली काळसर सावली पडते आणि तेवढ्यानं तो चित्राचा प्राणी जमिनीला टेकतो. सावली काढून टाकली तर तोच वाघ हवेत लटकल्यासारखा दिसेल. दुसरी जागा आकार. वाघ खऱ्या मापाचा असतो. पुस्तकातला वाघ आणि पुस्तकातली मांजर एकाच पानावर एकाच उंचीची असतात. इथे वाघाची पाठ मुलाच्या छातीशी येते आणि मूल नकळत अर्धं पाऊल मागे सरतं. आपल्या रसशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे आणि त्याच्या खुणा म्हणून विस्फारलेले डोळे, अंगावरचा रोमांच. ते अर्धं पाऊल मला त्याच यादीत घालावंसं वाटतं.

पण माझ्या दृष्टीनं सर्वांत सुंदर गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. वाघ उभा करण्याआधी फोन जमीन शोधतो. कॅमेऱ्यातून तो फरशीवरचे ठिपके, ओरखडे, सांधे, डाग धरतो. फोन हलला की ते डाग किती सरकले यावरून जमीन कुठे आणि किती लांब आहे याचा हिशोब करतो. म्हणून एकसारख्या पांढऱ्या, चकचकीत फरशीवर तो अडखळतो. त्याला धरायला काही मिळत नाही, वर चकाकीतली प्रतिबिंबं फसवतात. शहाबादी फरशीवर, तिच्या खडबडीत पोतावर आणि वर्षानुवर्षांच्या डागांवर, वाघ झटकन आणि घट्ट उभा राहतो. नव्या टॉवरमधल्या व्हिट्रिफाइड टाइलपेक्षा जुन्या शाळेची झिजलेली जमीन या तंत्राला अधिक मानवते! हे मुलांना जरूर दाखवावं. आधी चकचकीत जागी प्रयत्न करायचा, मग शहाबादीवर, मग शाळेच्या मैदानातल्या मातीवर. यंत्र कसं पाहतं हे मुलांना त्यातून कळतं, आणि आपण ज्याला डाग म्हणतो त्याच्या आधारानं ते पाहतं हेही कळतं.

विस्मयाची अडचण अशी की तो लवकर विरतो. दोन मिनिटांत मुलं वाघाच्या जबड्यात हात घालून फोटो काढू लागतात. वाघाला वास नाही, वजन नाही, त्याच्याकडून धोका नाही. बरेच धडे इथेच संपतात आणि पाहुण्यांना दाखवायला फोटो उरतात. मी शिक्षक असतो तर फोन एका मुलाच्या हाती दिला असता आणि बाकीच्यांना खडू. फोनमधून पाहणारा सांगेल: पुढचा पाय इथे, मागचा तिथे, शेपटीचं टोक त्या खांबाशी. खडूवाले जमिनीवर खुणा करतील. मग फोन बंद. फरशीवर वाघाएवढी आकृती उरेल. तिच्यात झोपून पाहायचं, टेपनं मोजायचं, वर्गातली किती मुलं तिच्यात मावतात ते पाहायचं. फोनमधला वाघ गेल्यावर खडूचा वाघ धडा पुढे नेतो. हे तंत्र वर्गात आणावं असं मला वाटतं ते अशा क्षणांसाठी.

वाईट नमुनाही पाहायला हवा. ऑगमेंटेड सूर्यमालेचे अनेक खेळ आहेत. टेबलावर सूर्य तळपतो, भोवती ग्रह गोल फिरतात, शनीची कडी लखलखतात. दिसायला देखणं, आणि मापाच्या बाबतीत साफ खोटं. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट आहे. पृथ्वी एक सेंटिमीटरचा मणी धरली तर सूर्य एका मीटरहून मोठा गोळा होतो आणि तो ठेवावा लागतो मण्यापासून साधारण ११७ मीटरवर. त्याच मापानं नेपच्यून सूर्यापासून साडेतीन किलोमीटरवर. म्हणजे सूर्य मारुंजीच्या शाळेत ठेवला तर नेपच्यून शोधायला गावाबाहेर बरंच लांब चालत जावं लागेल. टेबलावरच्या सूर्यमालेतून नेमकी पोकळी गळते, आणि सूर्यमाला म्हणजे जवळजवळ सगळी पोकळीच. वाघाच्या बाबतीत ज्या तंत्रानं माप खरं ठेवून जीव आणला, त्याच तंत्रानं इथे माप मोडून नुसती शोभा आणली. इथे तंत्र बाजूला ठेवावं आणि मुलांना हातात मणी देऊन रस्त्यावर न्यावं.

या सगळ्याकडे परदेशी नवलाई म्हणून पाहायची आपल्याला गरज नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रं समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले आहेत. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. चित्रकथीकडून शिकावी अशी एक गोष्ट आहे. एका चित्राचं सांगणं पुरं झाल्याशिवाय तो पुढचं चित्र काढत नाही. चित्र स्थिर असतं, हालचाल त्याच्या आवाजात असते, आणि ऐकणाऱ्याची नजर चित्रभर फिरायला मोकळी असते. पुढे १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेल्या चित्रांचे, मॅजिक लँटर्नचे खेळ ‘शांभरिक खरोलिका’ या नावानं सुरू केले. अंधारात बसलेल्या माणसांना त्यांनी उजेडाच्या चित्रांतून दूरच्या जगात नेलं.

आणि दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ या त्या लघुपटात पडद्यावर काही क्षणांत कोंब फुटायचा. भांडवल देणाऱ्यांना आपलं कसब पटवण्यासाठी तो केला होता. मला मात्र तो आपल्याकडचा पहिलावहिला उत्तम विज्ञानपाठ वाटतो. वाटाणा तर कुणाच्याही परसात उगवतो, त्यात दूरचं असं काही नाही. पण वाढण्याची क्रिया डोळ्याला दिसत नाही, कारण आपला काळ आणि रोपाचा काळ जुळत नाहीत. फाळक्यांनी काळ बदलला. आभासी सहलीनं नेमकं हेच करावं असं मला वाटतं: पाय जिथे पोचत नाहीत किंवा डोळा जिथे पुरत नाही, तिथे न्यावं. मारुंजीतल्या मुलांना फुलपाखरांची आभासी बाग दाखवण्यात अर्थ नाही, फुलपाखरं टेकडीवर आहेत.

लोणारचं तसं नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं ते विवर मारुंजीतून एसटीनं जवळजवळ दिवसभराच्या अंतरावर. एका इयत्तेची सहल तिथे न्यायची तर दोन मुक्काम, परवानग्या, बसचं भाडं, आणि घरून पैसे न आणू शकणारी मुलं मागे राहणार. म्हणून लोणारची आभासी सहल वर्गात मांडून पाहू. सगळीकडे वळून पाहता येणारी, ३६० अंशांची छायाचित्रं. पहिला थांबा विवराच्या काठावर.

या छायाचित्रांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कॅमेरा तिवईवर मधोमध ठेवलेला असतो, आणि सगळं दृश्य त्या एका बिंदूतून पाहिलेलं. मूल मान फिरवतं तसं दृश्य फिरतं. वर आकाश, खाली जमीन, मागे झाडी. पण ते एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. डोकं डावीकडे झुकवलं तरी जवळचा दगड दूरच्या झाडापुढून सरकत नाही, आणि अंतराची जाण तिथेच पातळ होते. वाघाच्या बाबतीत उलट होतं. त्याच्याभोवती चालत फेरी मारता येत होती, वाकून पोटाखालून पाहता येत होतं, पण भोवताली जंगल नव्हतं. एका प्रकारात मान मोकळी आणि पाय बांधलेले. दुसऱ्यात पाय मोकळे, पण जग आपल्याच खोलीएवढं. दोन्हींचं सामर्थ्य वेगळं, म्हणून दोन्हींसाठी धडे वेगळे निवडायला हवेत. विवर, गुहा, देऊळ, दरी, म्हणजे जे आपल्याला सगळीकडून वेढतं, ते छायाचित्राकडे द्यावं. प्राणी, हृदय, यंत्र, मूर्ती, म्हणजे ज्याला आपण वेढा घालतो, ते फोनमधल्या त्रिमितीकडे.

आणखी दोन बारकावे. मुलांना अशा दृश्यात सोडलं की बहुतेक जण सर्वांत आधी खाली, आपल्या पायांकडे पाहतात. पाय तिथे नसतात. तिवई झाकायला लावलेला धुरकट गोल डाग असतो किंवा एखादं बोधचिन्ह. ‘मी इथे आहे’ म्हणणाऱ्या मुलाला दृश्य सांगतं की तू इथे नाहीस. तिवईची उंचीही पाहण्यासारखी. ती सहसा मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असते, म्हणून सहावीतलं मूल लोणार पाहतं ते बापाच्या उंचीवरून. झुडपं बुटकी दिसतात, काठ कमी भयाण वाटतो. कॅमेरा चार फुटांवर आणला तर तेच विवर वेगळं होईल. मुलांसाठी सहली बनवणाऱ्यांनी हा साधा बदल का करू नये?

आता काठावर उभं राहून काय पाहायचं? समोरचा काठ सुमारे १.८ किलोमीटर लांब. एवढा मोठा जवळजवळ गोल खळगा, आणि तळाशी खारं पाणी. प्रश्न मुलांनी विचारायचा: हे कशानं झालं? एके काळी हा ज्वालामुखीचा मुखभाग मानला जात होता. पुढे तिथल्या खडकांत प्रचंड आघातानं बदललेली काच आणि इतर खुणा सापडल्या, आणि उल्कापातानं झालेलं विवर हे उत्तर पक्कं झालं. वयाबद्दल मात्र मोजण्याच्या दोन पद्धती दोन आकडे देतात. एक सुमारे ५० हजार वर्षं, दुसरा सुमारे ५ लाख ७० हजार. हा मतभेद सहलीतून वगळू नये. विज्ञानाची माणसं एकाच खड्ड्याच्या काठावर उभी राहून इतकी वेगळी उत्तरं मिळवतात आणि तरी शोधत राहतात, यात मुलांना जी गोडी वाटेल ती तयार आकड्यात नाही. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं निघालं. लोणारचा धागा इथे मुलांच्या पुणे जिल्ह्यापर्यंत येतो.

या सहलीतला माझा आवडता क्षण पडद्याबाहेर घडतो. लोणार बेसॉल्टमधलं विवर आहे, आणि त्याच खडकामुळे मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते जवळचं वाटतं. मारुंजीची टेकडीही बेसॉल्टचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरांवर थर ओतला गेला तो लाव्हा लोणारखाली आहे आणि शाळेच्या पायाखालीही. बाईंनी आदल्या दिवशी प्रत्येकाला टेकडीवरून एक काळा खडा आणायला सांगावं. मुलं विवराच्या तळाशी ‘उभी’ असतील तेव्हा तो खडा त्यांच्या मुठीत असावा. डोळ्यांना लोणार आणि तळहाताला मारुंजी. त्याचं वजन, गारवा, खरबरीतपणा पडद्यातून येऊ शकत नाही, आणि नेमकी तीच उणीव टेकडी भरून काढते. घरी जाताना खडा फेकून देणारी मुलंही असतील, पण टेकडीकडे पाहताना त्यांच्या मनात थोडी तरी भर पडलेली असेल.

डोक्यावर चढवायच्या महागड्या चष्म्यांबद्दल थोडक्यात सांगतो. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, या भांडणातून मळमळ आणि चक्कर येते. मेटा कंपनीनं आपल्या अशा चष्म्यांसाठीची वयाची मर्यादा २०२३ मध्ये तेरावरून दहावर आणली, तीही पालकांच्या ताब्यातल्या खात्यासह. माझी खरी तक्रार वेगळी आहे. चष्म्यात मूल एकटं असतं. एका फोनभोवती जमलेली चार मुलं भांडतात, बोट दाखवतात, ‘अरे, तिकडे बघ’ म्हणतात, आणि वर्ग म्हणजे तेच तर.

चित्रकथीसारखं मध्ये मध्ये थांबण्याच्या महत्त्वाला संशोधनाचाही आधार आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी शरीरातल्या रक्तप्रवाहाची आणि पेशींची आभासी सफर काही विद्यार्थ्यांना चष्म्यातून घडवली आणि इतरांना तीच माहिती साध्या स्लाइडवर दाखवली. चष्मेवाल्यांना जास्त गंमत आली, पण स्लाइड पाहणाऱ्यांना चाचणीत जास्त येत होतं. मग त्यांनी आभासी सफरीचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर पाहिलेलं थोडक्यात लिहायला लावलं. मध्ये थांबून लिहिणाऱ्यांचं शिकणं न थांबणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं, आणि गोडीही टिकली. पिंगुळीच्या चित्रकथीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अजिंठ्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे प्रत्यक्षात आपण अंतरावर, मंद उजेडात उभे असतो. डिजिटल चित्रात पापणीच्या रेषेपर्यंत जाता येतं. नाशिकचे प्रसाद पवार यांनी या चित्रांच्या डिजिटल पुनरुज्जीवनासाठी जे अपार कष्ट घेतले आहेत, त्यांमुळे झिजलेली रंगरेषा आपल्याला पुन्हा वाचता येते. इतकं जवळ जाणं हा मोठा लाभ. पण लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि हळूहळू भिंतीतून चेहरा वर येतो, तो काळ पडद्यावर हरवतो. म्हणून अजिंठ्याच्या तासाला वर्गाच्या खिडक्या बंद कराव्यात आणि चित्र आधी अगदी काळोखं दाखवून उजेड हळूहळू वाढवावा. एवढं एका बटणावर होतं.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीकडे वळतो. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. मुलांच्या घरी कन्नड बोलली जायची, म्हणून ते कन्नड शिकले. पाठ्यपुस्तकाच्या पानांवर त्यांनी क्यूआर कोड चिकटवले, त्यांतून कविता, व्हिडिओ, गोष्टी उघडू लागल्या, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच ते कोड छापले जाऊ लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, आणि दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडेही रसिकतेनं पाहावं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या गटानं तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवला. तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन यंत्राला दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. आणि माहिती अशी पसरून भरता येते की सर्वांत सुरक्षित प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी ती परत मिळते. डब्यातल्या तेलाचा डाग पडलेलं, कोपरा दुमडलेलं, धाकट्या भावानं पेननं गिरवलेलं पुस्तक, तरी धडा उघडू शकतो. खेड्यातल्या दप्तरासाठी याहून योग्य यंत्रभाषा क्वचितच सापडेल.

डिसले यांच्या आभासी सहली मात्र याहून वेगळ्या, आणि मला त्या सर्वांत वरच्या वाटतात. घरात उभारलेल्या प्रयोगशाळेतून सुट्टीच्या दिवशी ते देशोदेशीच्या वर्गांशी जोडले जायचे आणि समोर प्रयोग करून दाखवायचे. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमात त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैराच्या सीमांपलीकडच्या मुलांना एकमेकांसमोर आणलं. इथे ३६० अंशांचं छायाचित्र नाही, त्रिमिती नाही, कधी चित्र अडकतं, आवाज तुटतो. पण पलीकडे माणूस आहे. मूल विचारतं आणि उत्तर येतं. उत्तर चुकलं तर पुन्हा विचारता येतं. लोणारच्या छायाचित्राला मी हवं ते विचारलं तरी ते तेच दाखवत राहील. पलीकडची मुलगी मात्र मलाच उलट प्रश्न विचारेल: तुमच्याकडे पाऊस किती पडतो, तुम्ही डब्यात काय नेता? मग मारुंजीतल्या मुलाला आपलं गाव सांगावं लागेल. आपलं गाव कुणाला तरी दाखवायचं म्हणून ते पाहणं, यात पाहण्याला जी धार येते ती दुसऱ्या कशानं येत नाही. घरी तेलुगू बोलणारी मुलगी आणि गावातला मुलगा मिळून ते सांगतील तेव्हा दोघांचंही मारुंजी थोडं बदलेल.

म्हणून मला वाटतं, मारुंजीच्या मुलांनी स्वतः एक सहल रचावी, आणि ती आपल्याच तालुक्याची असावी. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशीचा सत्याग्रह पेटला. मावळ्यांनी तो १९२४ पर्यंत झुंजवला. धरण झालं, पन्नासएक गावांना त्याची झळ पोचली आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. १९२७ पासून ते पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं, आणि त्याची वीज मुंबईकडे निघाली. ती गावं बस कितीही लांब नेली तरी दिसणार नाहीत. फाळक्यांनी वाटाण्यासाठी काळ बदलला, तसा इथे बदलावा लागेल.

याचं काम वर्गाच्या आवाक्यातलं आहे. जुन्या मोजणीचे नकाशे पाहायचे, विस्थापित घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांच्या आईवडिलांनी सांगितलेलं टिपायचं, वाटा आणि खाचरांच्या रेघा नकाशावर ओढायच्या. मग धरणाच्या काठी उभं राहून फोन पाण्याकडे धरला की पाण्यावर त्या रेघा उमटतील. घरं चकाचक त्रिमितीत बांधायचा मोह टाळावा. जे ठाऊक आहे तेवढं रेघेत, जे ठाऊक नाही तिथे कोरं पाणी. हिंजवडीत जगभरासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आईबाप याच वर्गांच्या पालकसभेला येतात, त्यांच्याकडून एवढी मदत नक्की मागता येईल. पहिला थांबा धरणाच्या भिंतीवर ठेवू नये, तिथून सगळे मोठ्या माणसांसारखे पाहतात. तो एखाद्या ओट्यापाशी ठेवावा, कॅमेरा चार फुटांवर, समोर भाताचं खाचर. सांगणारा आवाज त्या घरच्या नातवंडाचा असावा, मुळशीच्या बोलीतला, न सुधारलेला. दुसऱ्या थांब्यावर सत्याग्रही जमले ती जागा. आणि शेवटचा भिऱ्याला, जिथे पाणी डोंगरावरून खाली येऊन यंत्रं फिरवतं. तिथे आवाज पूर्ण मोठा ठेवावा, आणि मुलांनी वर्गातला पंखा कुठल्या विजेवर चालतो ते शोधायला लागावं.